तारीख ठरलेलं गाव



गावं उठणं आपल्याला नवं नाही. कोयनेच्या पाण्याखाली गावं गेली. साथीच्या रोगांत वाड्या ओस पडल्या. मुंबईच्या पगारानं कोकणातली किती घरं कुलपं लावून बसली आहेत, ते तर आपण रोजच बघतो. पण ज्या गावाला आपल्या अखेरच्या दिवसाची तारीख तीन वर्षं आधीच लेखी कळली होती, असं गाव मी एकच पाहिलं. तारीख होती ३१ डिसेंबर २००५. गावाचं नाव कुद्रेमुख. कर्नाटकातल्या चिकमगळूर जिल्ह्यात, आपल्याच सह्याद्रीच्या रांगेत ते आहे.

कन्नडमध्ये कुदुरे म्हणजे घोडा. डोंगराची एक बाजू घोड्याच्या तोंडासारखी दिसते, म्हणून कुद्रेमुख. उंची सुमारे १,८९० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही जास्त. पाऊस सहा ते सात हजार मिलिमीटर. रत्नागिरीचा पाऊस पाहिलेल्या माणसानंही तिथं गप्प बसावं! याच डोंगरांत गंगामूळ नावाच्या जागी तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तीन नद्यांचा उगम मानतात. तुंगा आणि भद्रा पुढे मिळून तुंगभद्रा होते आणि कृष्णेला जाते. नेत्रावती मात्र उलट्या दिशेनं पश्चिमेला उतरते आणि मंगळूरजवळ समुद्राला मिळते.

या डोंगरांच्या पोटात लोखंड आहे, हे १९१३ साली म्हैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्यातले पी. संपत अय्यंगार यांनी शोधून काढलं. खनिज मॅग्नेटाइट जातीचं, म्हणजे चुंबकाला चिकटणारं. पण ते फारसं कसदार नव्हतं. शंभर किलो दगडात लोखंड जेमतेम अडतीस किलो. त्यामुळे साठेक वर्षं कुणी त्याच्या वाटेला गेलं नाही. मग तेलाच्या पैशानं श्रीमंत झालेल्या इराणच्या शहांना पोलादाचे कारखाने उभारायचे होते. १९७५ साली करार झाला. इराण ६३ कोटी डॉलरचं कर्ज देणार आणि त्या बदल्यात आपण एकवीस वर्षं वर्षाला ७५ लाख टन शुद्ध केलेलं खनिज पाठवणार. १९७६ च्या एप्रिलमध्ये ‘कुद्रेमुख आयर्न ओर कंपनी’ ही सरकारी कंपनी स्थापन झाली. चार वर्षांत डोंगरात रस्ता आला, गिरणी आली, वसाहत आली, मंगळूरच्या बंदरापर्यंत ६७ किलोमीटरची नळवाहिनी आली. दळलेलं खनिज पाण्यात कालवायचं आणि त्या नळातून घाटाखाली सोडायचं, अशी ती योजना. १९८० साली काम सुरू झालं खरं, पण तोवर तेहरानमध्ये क्रांती होऊन शहांचं राज्यच गेलेलं होतं. माल तयार, गिऱ्हाईक गायब! सह्याद्रीतल्या एका कोपऱ्यातल्या मजुराची भाकरी तेहरानच्या रस्त्यावरच्या मोर्चाशी बांधलेली असू शकते, हे मला तोवर कवितेतही सुचलं नव्हतं. पुढे कंपनीनं दुसरी गिऱ्हाइकं शोधली. १९८७ साली मंगळूरला खनिजाच्या गोळ्या बनवणारा कारखाना काढला आणि गाडं रुळावर आणलं.

याच १९८७ साली आणखी एक गोष्ट झाली. हे सगळं जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं. सिंहपुच्छ वानर नावाचा काळा, पांढऱ्या आयाळीचा माकड फक्त पश्चिम घाटातच राहतो. त्याच्या मोठ्या टोळ्या इथं आहेत, असं उल्हास कारंत यांनी केलेल्या पाहणीत दिसून आलं होतं. एका हातानं डोंगर फोडायचा आणि दुसऱ्या हातानं त्यावर ‘अभयारण्य’ अशी पाटी लावायची, हा प्रकार पुढं बरीच वर्षं चालला. खाणपट्ट्याची तीस वर्षांची मुदत १९९९ साली संपली. कंपनीला मुदतवाढ हवी होती. नागरहोळेच्या जंगलात वनाधिकारी म्हणून आयुष्य घालवलेले के. एम. चिन्नप्पा सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० ऑक्टोबर २००२ रोजी निकाल लागला. वरचा झिजलेला थर तेवढा काढा आणि २००५ च्या अखेरीस खाण बंद करा.

निकाल बरोबर होता, असं माझं मत आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे बोलणार आहे त्यावरून गैरसमज नको. पावसाळ्यात खाणीची माती भद्रेत उतरायची. पाणलोटाच्या मानानं खाण अगदी लहान, पण नदीतल्या गाळात तिचा वाटा फार मोठा होता. खाली शेकडो गावं त्या पाण्यावर जगतात. एक टन माल हवा तर तीन टन डोंगर दळायचा, असं ते गणित होतं.

तर या गावी मी गेल्या डिसेंबरात गेलो, एका मित्राबरोबर. हा मित्र माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. रत्नागिरीत बँकेत असतो. घराणं बेळगावचं मराठी, पण जन्म १९८१ चा, कुद्रेमुखच्या वसाहतीतला. वडील खाणीत डंपर चालवायचे. माणसाला ‘तुमचं गाव कोणतं?’ असं विचारलं की तो एका श्वासात सांगतो. हा नेहमी थांबतो. बेळगाव म्हणावं तर तिथं तो सुट्टीपुरता राहिलेला. रत्नागिरी म्हणावं तर ती नोकरीची. आणि कुद्रेमुख म्हणावं तर पुढचा प्रश्न येतो, ‘तिथं आता कोण असतं?’ परत जायची त्याची बरेच वर्षांची इच्छा होती, पण एकट्याला जायचं नव्हतं. मला म्हणाला, “भाई, तुम्ही चला. तुम्हाला डोंगर आवडतात.”

कोकण रेल्वेनं उडुपी, तिथून कारकळ, आणि कारकळहून कळसा गावाला जाणारी बस. ही बस उद्यानातून, कुद्रेमुख गावावरूनच जाते. घाट चढून आम्ही गावाजवळ आलो, तसा हा खिडकीजवळून उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसला. “आधी डोंगर करूया. घर मग,” म्हणाला. मी काही बोललो नाही. बस थांबली, दोन माणसं उतरली, एक चढलं. आम्ही पुढं कळशाला गेलो.

शिखराची वाट मुळ्ळोडी नावाच्या वाडीतून निघते. संसे गावापासून तिथवर जीप जाते. तिला रस्ता म्हणणं जीपवाल्यावर अन्याय आहे. वाडी उद्यानाच्या आतच आहे. वन खात्याचा परवाना घ्यावा लागतो, बरोबर वाटाड्या घ्यावा लागतो, आणि संध्याकाळच्या आत परत यावं लागतं. वर मुक्कामाला बंदी आहे. जाऊन-येऊन वीसेक किलोमीटरची चाल. पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांना हे आधी सांगितलेलं बरं असतं.

पहिला तासभर ओढ्यांचा आहे. एक ओलांडला की दुसरा. एका ओढ्यावर मी वजू केला, तर पाण्याच्या गारठ्यानं बोटं काही वेळ माझी राहिली नाहीत. मित्र तिथं वाळूत बसून हसायला लागला. लहानपणी तो आणि त्याची दोस्तमंडळी जुन्या रेडिओच्या कर्ण्यातलं लोहचुंबक काढून दोऱ्याला बांधायची आणि ओढ्याच्या वाळूतून ओढत न्यायची. वर काढलं की चुंबकाला काळ्या मिशा फुटलेल्या असायच्या. मला गंमत वाटली, कारण रत्नागिरीत मांडवीच्या काळ्या वाळूत आम्हीही हेच करायचो. फरक एवढाच की आमच्या मिशांच्या जिवावर कुणी शहर वसवलं नव्हतं.

वाटेवर ओंटी मर लागतं. ओंटी मर म्हणजे एकटं झाड. नंतर एका घराची पडकी जोती आणि भिंती लागतात. लोक त्याला लोबोचं घर म्हणतात. लोबो हे किनाऱ्यावरच्या कोकणी ख्रिस्ती लोकांचं आडनाव. कुणी एक माणूस खालून एवढ्या उंचावर येऊन राहिला, शेती केली आणि गेला. त्याला कुठल्या न्यायालयानं तारीख दिली नव्हती.

आणि मग झाडी एकदम संपते आणि गवत सुरू होतं. आपल्याकडच्या उघड्या बोडक्या डोंगरांसारखं हे गवत नाही. डोंगराच्या पाठी गवताच्या आणि दोन पाठींमधल्या घळींत गच्च, बुटकं, काळपट जंगल. त्याला तिकडं शोला म्हणतात. दुरून पाहिलं तर कुणीतरी सोनेरी चादर अंथरून तिच्या चुण्यांत हिरवी लोकर खोचून ठेवल्यासारखं दिसतं. वरचं गवत पाऊस मुरवतं, घळीतलं जंगल तो धरून ठेवतं आणि उन्हाळाभर थेंब थेंब सोडतं. भद्रा बारमाही वाहते ती या व्यवस्थेमुळे. जी खाण झाली तो डोंगरही असाच होता. म्हणून आधी इथं यायचं होतं, हे मित्राच्या मनातलं मला तिथं कळलं. त्याला कापण्याआधीचा डोंगर बघायचा होता. त्याच्या आयुष्यात तो कधी त्यानं पाहिलेलाच नव्हता. त्याच्या जन्माच्या आधीच पायऱ्या पडायला सुरुवात झाली होती.

शिखरावर धुकं होतं. पश्चिमेला कडा तुटून खाली दक्षिण कन्नड जिल्हा पसरलेला असतो आणि स्वच्छ दिवशी फार लांबवर दिसतं, असं वाटाड्या म्हणाला. आम्हाला आमचेच हात दिसत होते. डबा खाल्ला आणि उतरलो.

त्या रात्री मुळ्ळोडीत ज्यांच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्या घरातल्या आजीशी मित्र कन्नडमध्ये बोलत बसला. मला मधूनमधून मराठीत सांगत होता. कंपनीच्या काळात रात्री पलीकडच्या आभाळात उजेड दिसायचा, असं ती म्हणाली. इकडे रॉकेलचा दिवा. कंपनी गेली, आता शनिवार-रविवार पोरंपोरी डोंगर चढायला येतात, त्यांना जेवण घालून चार पैसे मिळतात. पण उद्यानाच्या हद्दीत घर म्हटल्यावर रस्ता मागितला की नियम पुढं येतो. या डोंगरांत मलेकुडिया आदिवासी आणि लहान शेतकरी कंपनीच्याही आधीपासून आहेत, आणि उद्यानाच्याही. एकानं त्यांच्याशेजारी शहर वसवलं, दुसऱ्यानं त्यांच्याभोवती रेघ मारली. दोन्ही वेळा त्यांना कुणी विचारलं नाही. कुद्रेमुखचं नाव काढलं की आपण खाण आणि जंगल एवढ्या दोघांचंच भांडण सांगतो. या तिसऱ्याला बसायला पाटसुद्धा देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं आम्ही कुद्रेमुखला उतरलो.

इंटरनेटवर या गावाची छायाचित्रं बघाल तर त्याला ‘घोस्ट टाउन’ म्हटलेलं आढळेल. वेली चढलेल्या भिंती, गंजलेले खांब, धुकं. लग्नाआधीचे फोटो काढायलाही म्हणे जोडपी येतात. ‘निसर्गानं आपलं घर परत घेतलं’ अशी वाक्यं खाली लिहिलेली असतात. मला या वाक्याचा राग येतो. निसर्गानं काही परत घेतलेलं नाही. दगड फोडून पायऱ्या पाडलेला डोंगर परत उभा राहत नाही. आणि भुताचं गाव म्हणायला तिथून कुणी मेलेलं नाही. माणसं मंगळूरला गेली, बेंगळुरूला गेली, आपापल्या मुलखात गेली. जिवंत माणसांच्या घरांना भुताची म्हणू नये. शिवाय गाव अगदी रिकामंही नाही. कंपनीची थोडी माणसं अजून आहेत, कार्यालय आहे, बस थांबते, चहा मिळतो. ओस पडल्यात ती बहुतेक घरं.

मित्राचं घर ओसातल्या भागात होतं. रखवालदार भेटला. आधी नाही म्हणाला. मित्रानं वडिलांचं नाव आणि ते कोणत्या पाळीला असायचे ते सांगितलं, तेव्हा “दहा मिनिटं” म्हणाला आणि स्वतःही बरोबर आला. रांगेतली एकसारखी घरं. मोजत मोजत गेला हा. पुढचं दार नव्हतं. स्वयंपाकघराच्या छताला ओळीनं हुक होते. ते मला दाखवून म्हणाला, “हे आईचं. पावसाळ्याचे पाच महिने कपडे वाळायचेच नाहीत. खाली शेगडी पेटवून वर दोऱ्या बांधायची. आम्ही शाळेत गेलो की सगळ्या पोरांच्या गणवेशाला फोडणीचा वास.” मग तो त्या हुकांखाली उभा राहून निकालानंतरची तीन वर्षं सांगायला लागला.

तो तेव्हा एकवीस वर्षांचा, मंगळूरला शिकायला. सुट्टीला आला की दरवेळी एखादं कुटुंब कमी झालेलं असायचं. गणपतीची वर्गणी कमी व्हायची, क्रिकेटला अकरा भरेनात. पण खाण मात्र शेवटपर्यंत चालू होती. वडील रोज पाळीला जायचे. संपणार म्हणून काम कुणी कमी केलं नाही, उलट डंपर धुऊन ठेवायची शर्यत लागायची म्हणे. त्याचे वडील निकालाविरुद्ध कधी वाईट बोलले नाहीत. एकदाच म्हणाले होते, “नदी खरंच लाल व्हायची.” पुढं त्यांची मंगळूरच्या कारखान्यात बदली झाली. छत्तीसगडमधल्या बैलाडिल्याहून खनिज आणून तो कारखाना चालवत होते. तिथूनच ते निवृत्त झाले आणि बेळगावला जाऊन वारले.

नदी लाल व्हायची हे ज्याला माहीत होतं आणि तरी ज्याला पाळीला जावं लागत होतं, त्या माणसाची बाजू कुठल्याच निकालपत्रात येत नाही. येणारही नाही, ते न्यायालयाचं काम नव्हे. पण आमच्या लिहिणाऱ्यांचं ते काम असायला हरकत नाही.

खाणीकडं आम्हाला सोडलं नाही. लख्या धरण दुरून पाहिलं. हे धरण पाण्यासाठी बांधलेलं नाही. तीन टन दळून एक टन घेतल्यावर उरलेला दोन टनांचा लगदा ठेवायला बांधलेलं आहे. शंभरेक मीटर उंच भिंत आणि तिच्यामागं पंचवीस वर्षांचा गाळ. दुरून ते सपाट माळरान वाटतं. खाण बंद करता येते, गाव उठवता येतं, हे धरण मात्र सोडून जाता येत नाही. ते फुटलं तर सगळं भद्रेत. त्यामुळे सहा-सात हजार मिलिमीटर पावसात दरवर्षी कुणीतरी त्याच्यावर नजर ठेवून बसावं लागतं, आणि हे किती वर्षं, तर त्याला मुदत नाही. गावाला तारीख होती, गाळाला नाही.

गोव्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबवल्या, तेव्हा ट्रकवाल्यांचे हप्ते, नोकऱ्या याची चर्चा आपण वाचली. आमच्या सिंधुदुर्गातही रेडी आहे, कळणे आहे. माधव गाडगीळ यांच्या समितीनं २०११ साली पश्चिम घाटाचा अहवाल दिला, तेव्हा आमच्याकडं खाणवाले आणि खाणविरोधक दोन्ही ओरडले. खाण सुरू करताना ती बंद कशी करायची, माणसं कुठं जातील आणि गाळ कोण राखेल, हे त्याच कागदावर लिहून का घेत नाहीत, असा साधा प्रश्न मला कुद्रेमुखला पडला. आमच्या गावचा चिरेखाणवालासुद्धा खड्डा किती खोल न्यायचा ते आधी ठरवतो, कारण पावसाळ्यात त्यात पाणी भरणार हे त्याला माहीत असतं.

घराकडं परत येतो. मागच्या परसात एक चाफा होता. मित्राची आई बेळगावात असते, सत्तरी उलटलेली. निघताना तिनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, “बघ रे, चाफा हाय काय.” लग्नानंतर इकडं येताना माहेरच्या दारातली फांदी तोडून तिनं ट्रंकेत घालून आणली होती. खुरचाफा तो. डिसेंबर असल्यामुळे एक पान नव्हतं, नुसती जाड, करडी बोटं वर केलेली. भोवती कंपनीनं लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळींची रोपं माजलेली. त्या बाभळींना जंगलवाले परक्या म्हणतात आणि ते खरंही आहे, त्यांच्याखाली दुसरं काही उगवत नाही. पण खुरचाफाही मूळचा इथला नव्हे. तो मध्य अमेरिकेतला. आमच्या कब्रस्तानात तो असतोच, देवळाच्या आवारातही असतो, आणि त्याला कुणी परका म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. झाड किती दिवस राहिलं की आपलं होतं, हे कोण ठरवतं कुणास ठाऊक.

मित्रानं एक फांदी वाकवली. रखवालदार बरेच मिनिटं गप्प उभा होता, आता पुढं आला. कन्नडमध्ये काहीतरी म्हणाला. आवाज चढा नव्हता. मित्रानं फांदी सोडली. मी विचारलं, काय म्हणतो? “पुढं नाक्यावर पिशव्या तपासतात. उद्यानातून झाडाची काडीसुद्धा न्यायला मनाई आहे. उगाच अडकाल, असं म्हणतोय.” मी म्हटलं, अरे, पण ही तर तुझ्या आईनं बेळगावहून आणलेली. “तेच सांगितलं मी त्याला,” मित्र म्हणाला. “तो म्हणतो, पावती आहे काय?”

तिघंही हसलो. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मित्रानं खिशातला फोन काढला, झाडाचा एक फोटो घेतला आणि तिथूनच आईला पाठवायला गेला, पण त्या परसात रेंज नव्हती. कारकळची बस दुपारी आली. माळ्याचा नाका ओलांडून घाट उतरल्यावर केव्हातरी तो फोटो गेला. बजगोळीला बस थांबली होती तेव्हा आईचा फोन आला. तिला फोटोत झाड ओळखू आलं नव्हतं. वाळलं काय, म्हणून विचारत होती. पानं गळल्यात फक्त, जिवंत आहे, असं तो तिला पुन्हापुन्हा सांगत होता.